अपूर्ण उत्थान

आमच्या सांगली शाखेतले एकोणचाळीस कर्मचारी २०३४ सालच्या ऑक्टोबरात माणशी सातशे किलोमीटर चालले. म्हणजे प्रत्येक जण जवळपास नागपूरला पोचला. त्या महिन्यात जेवणाची सुट्टी सोडून कुणी खुर्ची सोडली नव्हती. कंपनीने पावलं मोजायला दिलेले मनगटी पट्टे आम्ही कँटीनमधल्या इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरला बांधून ठेवायचो. प्रकरण उघडकीला आलं ते वीज गेल्यामुळे. एका मंगळवारी अकरा वाजून सात मिनिटांनी एकोणचाळीस माणसं एकाच क्षणी थांबली आणि चाळीस मिनिटांनी एकाच क्षणी पुन्हा चालायला लागली.

आमची कंपनी आरोग्य विम्याची. कृष्णाकाठ आरोग्य विमा. लोकांनी पाठवलेले दावे तपासायचे आणि जमेल तितक्यांवर संशय घ्यायचा, हे माझं काम. पेशंटला भेटायचं नसतं, कागदाला भेटायचं असतं. कागद जास्त बोलतो आणि रडत नाही. लोकांची लबाडी पकडणाऱ्यांनीच लबाडी केली याचा मुख्य कार्यालयाला धक्का बसला, असं परिपत्रकात म्हटलं होतं. मला वाटतं, धक्का लबाडीचा नव्हता. ती इतकी स्वस्तात झाली याचा होता.

तीन वर्षांनी त्यांनी ग्राइंडरला बांधता येणार नाही अशी वस्तू आणली.

तिचं कागदोपत्री नाव 'सुखासन'. दिसायला पाऊल कापून टाकलेल्या मोज्यासारखी, गुडघ्याखाली पोटरीवर चढवायची. सगळे तिला पोटरीपट्टा म्हणू लागले. ती समजावून सांगायला पुण्याहून डॉ. हंजे म्हणून एक बारीक अंगाचे गृहस्थ आले होते. तासभर ते उभ्यानेच बोलले. एवढ्यावरून मला त्यांच्या मालाची शंका यायला हवी होती.

"पोटरीच्या आत, खाली, एक चपटा स्नायू आहे," ते म्हणाले. "तुम्ही उभे असता, चालता, तेव्हा तो सतत काम करतो आणि थकत नाही. दंडाचा स्नायू जिममध्ये दहा मिनिटांत हात टेकतो, हा दिवसभर चालतो. शिवाय इतर स्नायू स्वतःजवळ साठवलेलं इंधन वापरतात, हा बराचसा थेट रक्तातली साखर आणि चरबी घेतो. तुम्ही बसलात की तो झोपतो. बैठ्या माणसाचे निम्मे आजार म्हणजे या एका स्नायूची झोप."

पट्टा त्या स्नायूला विजेच्या बारीक चिमट्यांनी जागं ठेवणार होता. माणूस खुर्चीत, पोटरी मात्र रंकाळ्याला फेऱ्या मारतेय.

"आता अडचण एकच होती," डॉ. हंजे म्हणाले. "पट्टा चालू असताना माणूस अचानक उठला, तर पोटरी भलत्या वेळी आखडून तो तोंडावर पडेल. पण निसर्गाने सोय केलेली आहे. माणूस उठून पाऊल टाकणार असेल तर त्याच्या आधी क्षणभर हा स्नायू आपोआप गप्प होतो. तुम्ही हलायच्या आधी. कधी कधी तुम्हाला स्वतःला कळायच्याही आधी. आपला पट्टा दोन चिमट्यांच्या मध्ये ती शांतता ऐकतो आणि लगेच बंद होतो."

शेजारी बसलेल्या इलाही मुल्लाणीने हात वर केला. मुल्लाणी मिरजेचा. आमची टेबलं अठरा वर्षं शेजारी. रोज डबा खाल्ल्यावर आम्ही दोघं पार्किंगला चार फेऱ्या मारायचो आणि ज्यांचे दावे नाकारले त्यांच्याबद्दल बोलायचो.

"आणि पोटरी गप्प झाली, पण माणूस उठलाच नाही तर?"

"उत्तम प्रश्न," डॉ. हंजे म्हणाले. "त्याला आम्ही अपूर्ण उत्थान म्हणतो. त्याची नोंद होते, बाकी काही नाही."

"नोंद कशाला?"

"सुरक्षिततेसाठी."

विमा कंपनीत हा शब्द ऐकला की जाणकार माणूस खिसा चाचपतो. मुल्लाणीने माझ्याकडे पाहिलं. मी मात्र पोटाकडे पाहत होतो, स्वतःच्या. माझी साखर तेव्हा दोनशे दहा होती.

पट्टा काम करतो, हे आधी कबूल करायला हवं. चार महिन्यांत माझी साखर एकशे बारावर आली, पँटा सैल झाल्या. बिराजदार मॅडम, आमच्या शाखाधिकारी, जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबून फोनवर बोलल्याचं नाटक करायच्या, ते बंद झालं. मग जिनाच बंद झाला, कारण त्याचं आता काम नव्हतं. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांवर आली. फेऱ्या मारायला लागत नाहीत तर वेळ कशाला, असं परिपत्रक होतं आणि त्यात तर्काची चूक काढायला जागा नव्हती. चहा टेबलावर येऊ लागला. एकोणचाळीस सडपातळ माणसं साडेनऊ ते साडेसहा एका जागी बसू लागली. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला ते ध्यानमंदिर वाटलं असतं.

मग मुल्लाणीला बोलावणं आलं. त्याने बाहेर येऊन मला जसंच्या तसं सांगितलं.

बिराजदार मॅडम म्हणाल्या होत्या, "मुल्लाणी, मंगळवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही एकवीस वेळा उठायला निघालात."

"मी? मी बसून होतो मॅडम."

"तेच म्हणतेय. निघालात आणि बसलात. एकवीस वेळा. कशासाठी?"

"लघवी."

"लघवीचा नमुना वेगळा येतो. त्यात माणूस शेवटी उठतो."

मॅडम आवाज मऊ करून म्हणाल्या, "कॅन्सरचे दावे नाकारायचा नवा नियम वाचला जात होता, तेव्हाची चौदा आहेत. तुम्हाला नियम पटला नाही का?"

"मी हात वर केला होता मॅडम. सगळ्यांबरोबर. बाजूने."

"हात वर होता," मॅडम म्हणाल्या, "पण पोटरी गप्प होती."

महिन्याभरात मुल्लाणीची जतच्या अभिलेख कक्षात बदली झाली. तिथे खिडकी आहे, असं त्याला मुद्दाम सांगण्यात आलं.

त्याच आठवड्यात मलाही बोलावलं. माझा तक्ता पडद्यावर होता. सहा महिने, सकाळ ते रात्र, अपूर्ण उत्थानं शून्य. पडदा इतका स्वच्छ होता की बंद आहे की काय असं वाटावं.

"कुरुंदवाडकर, हे राज्यात फक्त तुमचं आहे," मॅडम म्हणाल्या. "पट्टा नादुरुस्त असेल म्हणून तीन वेळा बदलून बघितला. तुमच्या मनात उठायचं येतच नाही. मुख्य कार्यालय तुम्हाला दक्षता विभागाचं प्रमुखपद देणार आहे. बाकीच्यांचे तक्ते तुम्ही वाचायचे."

मला आनंद झाला. तो पोटरीत उमटला नाही.

पदाबरोबर कुटुंब योजना आली. जोडीदाराला पट्टा मोफत. माझी बायको ऋजुता घरून काम करते. कोर्टातल्या साक्षींच्या ध्वनिफिती ऐकून टाइप करते. दिवसाला आठ-नऊ तास खुर्चीत, आणि तिच्या आईकडून आलेला मधुमेह दारात उभा. तिने पट्टा खुशीने घातला. एक बारीक गोष्ट तिने विचारली नाही आणि मी सांगितली नाही. विम्यात कुटुंबातल्या सगळ्यांचे अहवाल मुख्य विमाधारकाकडे जातात. पहिल्यापासून तसंच आहे. कुणाची प्रसूती, कुणाचा मोतीबिंदू, सगळं ज्याच्या नावाची पॉलिसी त्याच्या फोनवर. पॉलिसी माझ्या नावाची होती.

पहिल्या महिन्याचा अहवाल मी सहज उघडला. म्हणजे दक्षता प्रमुख जितक्या सहज उघडतो तितक्या.

दिवसा, कामाच्या वेळेत, ऋजुताची अपूर्ण उत्थानं दोन किंवा तीन. संध्याकाळी सात ते दहा: अठ्ठावीस.

दुसऱ्या दिवशी सत्तावीस. तिसऱ्या दिवशी एकतीस.

सात ते दहा आम्ही दोघं दिवाणखान्यात असतो. मुलगी शिकायला सुरतकलला गेल्यापासून घरात तिसरं कुणी नाही. मी सोफ्यावर, ऋजुता समोर वेताच्या खुर्चीत, काहीतरी निवडत किंवा वाचत. ऑफिसातून आलेल्या माणसाला जे लागतं ते सगळं त्या खोलीत असतं, म्हणून मी तिथून हलत नाही. आणि आता कळत होतं की माझ्या समोर बसलेली बाई दर सहा मिनिटांनी उठून जायला निघते आणि जात नाही.

लगेच निष्कर्ष काढायची सवय मला नाही. मी तपास केला. चार दिवस आत झोपायच्या खोलीत बसून बातम्या पाहिल्या. तिला सांगितलं, पाठ दुखते. दिवाणखान्यातला आकडा पाचवर आला. मग दोन दिवस प्रशिक्षणासाठी कोल्हापूरला गेलो. शून्य. दोन्ही दिवस शून्य. परत आलो त्या संध्याकाळी एकोणतीस.

कारण निश्चित झालं. कारण मी होतो.

यानंतरचे तीन आठवडे मी तिच्याकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं इतकं पाहिलं. तिला ते आवडलं असावं असा माझा समज झाला, कारण एकदा ती म्हणाली, "काय रे, बरा आहेस ना?" चारचौघांत ती मला अहो म्हणते, घरात अवधूत, आणि रागावली की काहीच म्हणत नाही. हल्ली काहीच न म्हणण्याचं प्रमाण वाढलं होतं, हे मी फाइलमध्ये नोंदवलं. हो, फाइल केली होती. कार्यालयात प्रत्येक संशयित दाव्याची गोषवारा-पत्रिका असते. तिच्यावर अहवालातला फक्त तो रकाना उतरवतात, ज्याच्या आधारे दावा नाकारता येईल. बाकीचे रकाने वरिष्ठांचा वेळ खातात. ऋजुताची मी तशीच पत्रिका केली. 'अपूर्ण उत्थान', तारीख, वेळ. साडेचारशेच्या वर नोंदी झाल्या.

मग फोन सुरू झाले. दुपारी येत असावेत. मला कळले ते शनिवारी घरी होतो म्हणून. ती गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं आणि बोलत राहिली. काचेतून एवढंच ऐकू आलं: "रत्नागिरीत राहायची सोय होईल म्हणता... नाही, घरी अजून बोलले नाही. पंधरा तारखेपर्यंत नक्की कळवते."

ती आत आली तेव्हा मी म्हणालो, "कोण होतं?"

"ऑफिसचं," ती म्हणाली, आणि गवार निवडायला बसली.

तिला ऑफिस नव्हतंच.

मी जतला मुल्लाणीला फोन केला. त्याला आकडे वाचून दाखवले, कोल्हापूरचा प्रयोग सांगितला, रत्नागिरी सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मागे कुठेतरी शेळ्या ओरडत होत्या; खिडकीची बातमी खरी होती तर.

"वहिनींना विचारलंस?"

"काय विचारू?"

"हेच. की बाई, तू सारखी उठायला निघतेस, का?"

"विचारलं तर ती तिला सांगायचंय ते सांगेल. इथे पुरावा आहे."

"अवध्या," मुल्लाणी म्हणाला, "चोवीस वर्षं पेशंटचं तोंड न बघता दावे नाकारलेस. निदान बायकोचं तोंड बघ."

"रोज बघतोय. तीन तास."

"मग तिने काय बघायचं?" असं विचारून त्याने फोन ठेवला. जतला गेल्यापासून तो जरा वेडंवाकडं बोलायला लागला होता.

पंधरा तारीख जवळ येत गेली. हे मी कुणाजवळ बोललो नाही, पण त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. एकवीस वर्षांचा संसार जाईल आणि तो का गेला हे कळवणारं पत्रसुद्धा येणार नाही, अशी भीती वाटायची. आम्ही दावा नाकारतो तेव्हा निदान पत्र पाठवतो.

आणि मग आकडा उतरू लागला.

नऊ तारखेला बावीस. दहाला चौदा. अकराला सहा. बारा तारखेला, माझ्या समोर, वेताच्या त्याच खुर्चीत बसून, सात ते दहा: शून्य. तेराला शून्य. चौदाला शून्य.

मी पुन्हा पुन्हा तपासलं. पट्टा चालू होता, साखर नोंदली जात होती. माझ्या बायकोच्या मनात माझ्यासमोरून उठून जायचं येणं थांबलं होतं. संशयाचं कारण उरलं नाही की दावा मंजूर करावा लागतो, हा नियम मी आयुष्यात बारा-पंधरा वेळा पाळला आहे. पंधरा तारखेला घरी येताना मी भडंग घेतलं, तिला आवडतं तसं लसूण जास्त घातलेलं, आणि अर्धा किलो पेढे.

"काय विशेष?" ऋजुता म्हणाली.

"बस जरा. तुला एक सांगायचंय."

ती बसली. मी सोफ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. मनावरचं ओझं उतरल्यावर माणूस जरा जास्त बोलतो. अहवाल माझ्याकडे येतात, मी वाचत होतो, मला शंका होती, कोल्हापूरचा प्रयोग, गॅलरीतला फोन. पत्रिकाही दाखवली. "आता फाइल बंद केली," मी म्हणालो. "तीन दिवस शून्य आहे. माझ्या मनात काही नाही."

ती बराच वेळ पत्रिका वाचत होती. रडणार असं मला वाटलं. ती रडली नाही.

"एकच रकाना आहे यात," ती म्हणाली.

"पत्रिकेत एकच असतो."

"आणि अहवालात?"

"अहवालात बरेच असतात."

"उघड."

मी फोनवर अहवाल उघडला. तिने हातातून घेतला, बोटाने डावीकडे सरकवला. 'अपूर्ण उत्थान' या रकान्याच्या शेजारी 'पूर्ण उत्थान' असा रकाना होता. तो मी कधी वाचला नव्हता. त्यातून काही नाकारता येत नव्हतं.

"दोन जूनचं वाच," ती म्हणाली. दिवसभर साक्षी ऐकून तिचा आवाज कोर्टातल्यासारखा झाला आहे, चढत नाही.

मी वाचलं. "सात वाजून बारा मिनिटं, अपूर्ण. सात बारा, पूर्ण."

"पुढचं."

"सात एकोणीस, अपूर्ण. सात एकोणीस, पूर्ण. सात चोवीस..." मी थांबलो. प्रत्येक अपूर्णाच्या पाठोपाठ, अर्ध्या मिनिटाच्या आत, एक पूर्ण होतं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस.

"सात बाराला इस्त्रीवाला आला होता," ऋजुता म्हणाली. "बेल वाजली. मी उठायला लागले, आणि थांबले. मग उठले. सात एकोणीसला कुकर. लागले, थांबले, उठले. चोवीसला तुझा फोन आत वाजत होता. तुझा."

"थांबायचीस कशाला पण?"

"तू उठतोस का बघायला."

तिने फोन मला परत दिला.

"मोजून काही ठरवलं नव्हतं मी. पट्ट्याने मोजलंय हे आत्ता कळतंय. एकवीस वर्षं बेल वाजली की मी अर्धी उठते आणि क्षणभर थांबते. म्हटलं, कधीतरी उठेल. तू खोलीत नसलास की थांबायचं कशाला, तेव्हा सरळ उठते. तो तुझा कोल्हापूरचा शून्य."

"मग हे तीन दिवस?"

"थांबायचं सोडलं."

मी पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं. त्याचा दोरा अजून सोडलेला नव्हता.

"रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात लघुलेखकाची जागा आहे," ती म्हणाली. "चार महिन्यांपूर्वी परीक्षा दिली होती. तुला सांगितलं होतं. बातम्या चालू होत्या. पंधरापर्यंत कळवायचं होतं, मी अकराच्या रात्रीच कळवलं. हो म्हणून. मग झोप चांगली लागली."

"विचारायचंस तरी मला."

"तू विचारलंस का?" ती म्हणाली. "इतकं सगळं केलंस. खोली बदललीस, कोल्हापूरला गेलास, पानं भरलीस. समोर बसले होते मी. माझ्याकडे दिवसभर नवरे साक्ष देतात, अवधूत. सगळे म्हणतात, तिने कधी सांगितलं नाही. उलटतपासणीत वकील विचारतात, तुम्ही विचारलंत का. मी टाइप करते, 'साक्षीदार गप्प'."

दाराची बेल वाजली. मी शपथेवर सांगतो की मी उठलो. मला ते स्पष्ट आठवतं: पाय सरळ केले, वाकलो, सोफ्याच्या हाताला धरलं. ऋजुताने दार उघडलं. सोसायटीचा वॉचमन पाण्याच्या टाकीबद्दल सांगत होता.

दुसऱ्या दिवशी बिराजदार मॅडमनी बोलावलं. चेहरा गंभीर होता.

"काल संध्याकाळी तुमच्याकडून एक झालंय," त्या म्हणाल्या. "सात वाजून एक्केचाळीस. अपूर्ण."

"पूर्ण असेल मॅडम. मी उठलो होतो."

त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. दोन्ही रकाने वाचायला मी नुकताच शिकलो होतो. दुसरा रिकामा होता.

"एखादं चालतं," मॅडम म्हणाल्या. "घरचं काही असेल. पण दक्षता प्रमुखाचं आहे म्हणून कारण लिहावं लागेल." त्यांनी नमुना दिला. पर्याय चार होते: तहान, पाठदुखी, नियमाशी असहमती, इतर. मी पाठदुखीवर खूण केली. प्रमुखपद टिकलं.

जुलैच्या पहिल्या तारखेला ऋजुता गेली. भांडण नाही, वकील नाही. मुलीला तिने नोकरी लागली एवढंच सांगितलं आणि मीही तेवढंच सांगितलं. बॅगा मी खाली नेल्या, पूर्ण उठून. गाडीत बसताना मी म्हणालो, "पट्टा काढून ठेव हवं तर. अहवाल माझ्याकडेच येत राहतील. पॉलिसी मार्चपर्यंत बदलता येत नाही."

"येऊ देत," ती म्हणाली. "साखरेला बरा आहे. वाचायचेच असतील तर दोन्ही रकाने वाच."

मी वाचतो. दोन्ही. तिथे तिला खोली भाड्याने मिळाली आहे, समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो म्हणे. संध्याकाळी सात ते दहा पूर्ण उत्थानं नऊ-दहा, अपूर्ण शून्य. जुलैभर शून्य, ऑगस्टभर शून्य. एकट्या बाईची नोंद जशी असते तशी. कुणाची वाट न बघता उठायचं, बसायचं. सुरुवातीला त्या शून्यांनी मला बरं वाटायचं. दाव्याला अजून वाव आहे असा मी त्याचा अर्थ लावला होता. दिवाळीत जाऊन तिला आणायचं, बेल वाजली की आधी मी उठायचं, असं काहीसं ठरवलंही होतं. सराव म्हणून इथे घरी बेल वाजली की मी हल्ली उठतो. बिराजदार मॅडमनी त्याबद्दल दोनदा टोकलं आहे.

सप्टेंबरच्या बारा तारखेला, रविवारी, सात वाजून पन्नास मिनिटांनी रत्नागिरीत एक अपूर्ण उत्थान झालं.

मी ते पाहिलं आणि आधी नको तेवढा खूश झालो. म्हटलं, सवय गेली नाही. बेल वाजली असेल, ती अर्धी उठून थांबली असेल, सोफ्याकडे पाहिलं असेल, आणि तिथे मी नाही हे आठवून उठली असेल. फोन करायला हातात घेतला. मग दुसरा रकाना आठवला. डावीकडे सरकवलं.

सात पन्नास, रिकामं. सात एक्कावन्न, रिकामं. त्यानंतरचं पहिलं पूर्ण उत्थान आठ वाजून चाळीस मिनिटांचं.

हा नमुना मी कधी पाहिला नव्हता, पण वाचायला कठीण नव्हता. दार वाजलं. ऋजुता अर्धी उठली, थांबली, आणि मग तिला उठावं लागलं नाही. ती पन्नास मिनिटं निवांत बसून राहिली.

दोन दिवस मी ते जवळ ठेवलं. चोवीस वर्षांच्या सवयीने पहिला प्रश्न तोच आला, आणि तो सोडवणं अवघड नव्हतं. रत्नागिरीत आमचे तपासनीस आहेत. इमारतीत कोण राहतं, रविवारी कोण आलं होतं, शेजारची बाई की कोर्टातला सहकारी, दुपारपर्यंत कळलं असतं. मी फॉर्म उघडला, नाव लिहायच्या जागेपर्यंत गेलो, आणि बंद केला. मंगळवारी संध्याकाळी मुल्लाणीला फोन लावला आणि सांगितलं.

त्याने तारीख आणि वेळ पुन्हा एकदा विचारून घेतली.

"कोण होतं, विचारलंस?"

"नाही."

"का रे? तुझा तर धंदाच तो."

"कोण का असेना," मी म्हणालो. "उठलं ना."

"हं," मुल्लाणी म्हणाला. शेळ्या आज गप्प होत्या. "जाऊन ये रत्नागिरीला. एसटी आहे सकाळी सहाची. मीपण येतो हवं तर. उद्या निघू."

"बघतो."

"बघतो काय. आत्ता काय करतोयस?"

मी खोलीभर नजर फिरवली. वेताची खुर्ची समोर होती.

"बसलोय," मी म्हणालो.